जुनी डिझेल पिकअप स्लोला थरथरते आणि मध्येच बंद पडते. पंप खोलू का?

टोमॅटोवाला
मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

गाडी डिझेल पिकअप, २००९ चं मॉडेल. चार सिलिंडर, इंजिनला दाबाने डिझेल देणारा जुना मेकॅनिकल पंप, कॉमन रेल (नवी, इलेक्ट्रॉनिक डिझेल पद्धत) नाही. मीटर ३ लाख १२ हजारावर थांबलाय आणि थांबूनही दोन वर्षं झाली, तेव्हा खरा आकडा देवाला माहीत. कामधंदा म्हणजे नारायणगावातून टोमॅटोचे कॅरेट भरायचे, आळेफाटा-ओतूर-माळशेज करत कल्याणला उतरवायचे आणि पहाटे रिकामी परत.

त्रास असा. स्लोला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी इतकी थरथरते की आरशात मागचा ट्रक एकाचे दोन दिसतात. ते वर्षभर चालूच होतं, अंगवळणी पडलं होतं. पण गेल्या दीड महिन्यात ती चालता चालता बंद पडायला लागलीय. परवा पहाटे माळशेज चढताना धुक्यात बंद पडली. मागे दगड लावला, हातपंप (लाइनमध्ये हाताने डिझेल चढवायचा) मारला, चालू झाली. दहा किलोमीटरवर पुन्हा तेच.

डिझेल फिल्टर दोनदा बदलला, एअर फिल्टर नवा टाकला, बॅटरीची टर्मिनलं घासली. मिस्त्री म्हणतो पंप खोलावा लागेल, अठरा ते वीस हजार धरून चाला. टोमॅटोचा भाव बघता वीस हजार म्हणजे चेष्टा नाही. पंपाला हात लावायच्या आधी अजून काय बघू?

गारवा_७१
विकून टाका.

टोमॅटोवाला
@गारवा, घेणारा एक राउंड मारून बघणारच ना! आणि तो राउंड पूर्ण होईल याची खात्री असती तर धागा कशाला काढला असता?

जुना_पाना
एसटीच्या वर्कशॉपात २६ वर्षं काढली, आता निवृत्त. गाडी समोर नसताना निदान करणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं, पण तुम्ही नीट लिहिलंय म्हणून विचारतो.

पहिली गोष्ट. थरथरणं वर्षभराचं आणि बंद पडणं दीड महिन्याचं, म्हणजे हा एकच आजार आहे असं धरून चालू नका. ताप आणि पायाची ठणक एका दिवशी आली म्हणून कारण एक असतंच असं नाही.

आता तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

बंद पडते ती कशी? झटके देत, रेस सोडत, मरत मरत? की चावी काढल्यासारखी एकदम? मरत मरत जात असेल तर तिला डिझेल पुरत नाही किंवा लाइन हवा घेतेय. फटकन गेली तर आधी करंट बघायचा. पंपावर स्टॉप सॉलेनॉइड (करंटवर चालणारी झडप) असतो, त्याला १२ व्होल्ट मिळतात तोवरच डिझेल पुढे सुटतं.

बंद पडल्या पडल्या हातपंप दाबला तर पहिल्या एकदोन दाबांतच कडक लागतो, की पोकळ? पोकळ असेल तर पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी ते फिल्टर, भानगड आहे. कडक असेल तर डिझेल फिल्टरपर्यंत आलेलं आहे, पुढे बघा.

धूर कुठला? काळा, पांढरा की निळसर?

एवढं सांगा, मग पंपाचं बोलू.

पंचगंगा_डिझेल
पानाकाका, आमच्याकडं अशा दहा गाड्या येतात, त्यातल्या सातांचा पंपच गेलेला असतोय. तीन लाखावर पंप चालला हेच लई झालं. आतली व्हेन, रोलर, कॅमप्लेट सगळं झिजतंय, आतला दाब पडतोय, मग स्लो कशी धरणार गाडी? टोमॅटोवाले, मिस्त्री बरोबर सांगतोय. उगं पाइपा बदलत बसाल आणि शेवटी पंपच खोलाल.

खडूस_काका
पंपवाल्याला विचारलं तर पंपच जाणार. न्हाव्याला विचारू नये केस वाढलेत का. (ह.घ्या.)

पंचगंगा_डिझेल
खडूस काका, हलकंच घेतलं. पण माझं दुकान पंपाचं नाही, टायरचं आहे. 😀

चाकावरचा_संसार
सॉलेनॉइडवरून आठवलं. माझी गाडी फक्त खड्ड्यात बंद पडायची. अगदी फटकन. तीन गॅरेजं झाली. एकाने फीड पंप बदलला, एकाने फिल्टरची अख्खी बैठक बदलली. शेवटी एका पंक्चरवाल्याच्या पोराला दिसलं की सॉलेनॉइडची वायर ब्रॅकेटवर घासून आत तुटलीय, वरून नुसतं कव्हर शाबूत. हिसका बसला की करंट तुटायचा.

खात्री करायची तर बॅटरीच्या प्लसवरून मध्ये फ्यूज टाकून सॉलेनॉइडला सरळ वायर द्या आणि चालवून बघा. बंद पडणं थांबलं तर दोष जुन्या वायरिंगमध्ये. पण मग चावीने गाडी बंद होणार नाही, ती वायर काढावी लागेल. मला कोणी सांगितलं नव्हतं. पेट्रोल पंपावर चावी हातात आणि इंजिन चालू, लोक माझ्याकडे बघतायत.

टोमॅटोवाला
सगळ्यांचे आभार. पानाकाका, उत्तरं अशी:

फटकन नाही, मरत मरत जाते. आधी रेस घेत नाही, तीन-चार झटके आणि मग संपलं.
हातपंप पोकळ लागतो. पंधरा-वीस वेळा दाबला की मग कडक होतो, तेव्हाच चालू होते.
धूर सकाळी थंड असताना पांढरट, दोन-तीन मिनिटांत जातो. काळा नाही.

अजून एक. थरथर कमी व्हावी म्हणून मिस्त्रीने पंपावरच्या स्क्रूने स्लो थोडी वाढवून दिलीय.

जुना_पाना
स्लो वाढवली म्हणजे थरथर गेली नाही, लपली. तो स्क्रू आधी पहिल्या जागी आणा. आणि दुसरा, सील मारलेला स्क्रू असतो, जास्तीत जास्त रेसचा. त्याला कोणालाही हात लावू देऊ नका.

हातपंप पोकळ म्हणजे पंपावरचा आरोप निम्मा उडाला. पंचगंगा, रागावू नका.

आता स्वस्तातली परीक्षा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, गाळलेलं डिझेल भरा, बॉनेटच्या वर उंचावर घट्ट बांधा. त्यातून पारदर्शक पाइप फिल्टरच्या इनलेटला जोडा आणि टाकीची लाइन वेगळी करून बूच मारा. रिटर्नची लाइनही कॅनमध्येच सोडा. लाइनमधली एअर काढा, गाडी चालू करा आणि अर्धा-पाऊण तास राहू द्या. मधूनमधून रेस द्या. बंद पडली नाही तर पंप निर्दोष, चोर टाकी ते फिल्टर या रस्त्यात. तरीही पडली तर पुढचं बघू. हात गरम भागांपासून लांब ठेवा, कॅन एक्झॉस्टच्या बाजूला बांधू नका.

मंदगती
एक भर. डबा वर टांगला की डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं. मग फिल्टरच्या पुढे बारीक फट असेल तर तिथून हवा आत शिरायच्या ऐवजी डिझेल बाहेर पाझरेल, आणि गाडी मात्र छान चालेल. म्हणून खाली कोरडा पेपर पसरा आणि जोडांवर बोट फिरवून बघा. नाहीतर फिल्टरपुढचा चोर सुटायचा आणि टाकी फुकट बदनाम व्हायची.

जुना_पाना
मंदगती, शंभर टक्के. हे लिहायला विसरलो होतो.

ओहायोकर
इकडे ओहायोत माझ्याकडे १९९४ चा पिकअप ट्रक आहे, पेट्रोल. बायको म्हणते ती गाडी नाही, सवत आहे. त्याचंही हेच, सिग्नलला उभा राहिला की आरपीएमचा काटा ५०० ते ११०० नाचायचा आणि मग बंद. इकडे १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-टूचं सॉकेट सक्तीचं झालं, स्कॅनर लावला की कोड मिळतो. माझा त्याआधीचा, त्यामुळे स्कॅनरवाला नुसती मान हलवतो. मी आधी आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह (स्लोला हवा सोडणारा) काढून साफ केला, थोडा फरक पडला. मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तपासला. शेवटी निघालं काय, तर इनटेकच्या मागच्या बाजूची बोटाएवढी रबरी व्हॅक्यूम नळी. आतून चिरलेली. किंमत चार डॉलर, शोधायला चार शनिवार-रविवार. टोमॅटोवाल्यांनी व्हॅक्यूम लीक बघितला का?

मंदगती
ओहायोकर, किस्सा झकास, पण औषध दुसऱ्या रोग्याचं आहे. पेट्रोलमध्ये आत जाणारी हवा मोजूनमापून असते, न मोजलेली हवा घुसली की मिश्रण बिघडतं. यांच्या जुन्या डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नाहीच, हवा हवी तेवढी आत जाते, लगाम डिझेलच्या मापावर. इनटेकच्या नळीची चीर इथे स्लो बिघडवत नाही. हवा डिझेलच्या लाइनमध्ये शिरली की मात्र खेळ खलास.

ओहायोकर
मान्य. शाळेत सायन्सला मागच्या बाकावर होतो.

गारवा_७१
बॉनेटला लिंबू-मिरची बांधलीत का?

टोमॅटोवाला
बांधली होती. मिरची ८० रुपये किलो झाली तेव्हा काढून घरी नेली.

डोंगरदरी
टाकीचं झाकण बघा हो कोणीतरी! आमच्या गाडीचं झाकण चोरीला गेलं, ड्रायव्हरने तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि वर सायकलच्या ट्यूबची रिंग लावली. तीस किलोमीटर गेलं की गाडी बंद. अर्धा तास चहा प्यायचा, गाडी चालू. ड्रायव्हर म्हणायचा गाडीला विश्रांती लागते. डिझेल खेचलं जाईल तशी टाकीत बाहेरून हवा यायला नको का? पिशवीने वाट बंद, आत ओढ तयार, पंप खेचणार कसा? पिशवी सोडली तेव्हा हुस्स असा आवाज आला आणि ड्रायव्हर दोन पावलं मागे.

मूळ झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तेही धुळीने बुजतं. एक दिवस झाकण सैल ठेवून चालवा, कळेल.

पंचगंगा_डिझेल
डिझेलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल टाकून बघा. आमचा एक जण टाकतोय, इंजिन लोण्यावानी चालतंय म्हणतोय.

जुना_पाना
लोण्याने हवा अडत नाही. आणि धाग्यात पुढे कोणी रॉकेल सुचवायच्या आत सांगतो, नको. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेल पातळ. मग खरोखरच पंप खोलायची वेळ येईल.

खडूस_काका
आमच्या गावचा एक जण रॉकेलवर बुलेट डिझेल चालवायचा...

मंदगती
काका, त्याचा वेगळा धागा काढा. नक्की वाचू.

रानजाई
मी गाडी दुरुस्त करत नाही, पण आमच्याकडे दोन पिकअप आहेत आणि त्यांची वही मी ठेवते. डिझेल कधी, किती, किलोमीटर किती, बिघाड कुठे. त्यावरून एक साधा प्रश्न.

टोमॅटोवाले, गाडी बंद पडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही वेळा परतीच्या आहेत. गाडी रिकामी, म्हणजे इंजिनवर लोड कमी, तरी तेव्हाच बंद पडते. भरल्या गाडीला जाताना काही नाही. पंप झिजला असता तर भरलेल्या गाडीला आधी रडला असता ना? जाताना आणि येताना लोड सोडून दुसरा फरक टाकीतल्या डिझेलचाच.

टोमॅटोवाला
ताई, हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो.

नारायणगावात टाकी भरतो. जाताना खरंच कधी बंद पडली नाही. येताना मुरबाडपर्यंत ठीक, घाट चढायला लागली की सुरू. मला वाटायचं चढामुळे. आणि एकदा कल्याणमध्ये पुन्हा डिझेल भरलं होतं, त्या दिवशी सरळ घरी आलो होतो!

जुना_पाना
रानजाई, २६ वर्षांची नोकरी मी तुमच्या वहीपुढे ठेवतो.

टाकीत वरून एक नळी खाली सोडलेली असते, तिच्या टोकाला जाळी. ती नळी मधे चिरली किंवा गंजून भोक पडलं, तर भोक डिझेलखाली आहे तोवर काहीच कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की डिझेलबरोबर हवाही ओढली जाते. चढाला डिझेल मागे सरकतं. नळी टाकीच्या पुढच्या अंगाला असेल तर भोक आणखी लवकर उघडं पडणार. तरी अंदाजावर टाकी उतरवू नका. आधी कॅन, मग टाकीची लाइन परत जोडून फिल्टरच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाइप. अर्ध्या टाकीवर बुडबुडे दिसले तर मग टाकी.

चाकावरचा_संसार
वाचतोय. पॉपकॉर्न घेतलेत.

टोमॅटोवाला
काल बाजाराला सुट्टी होती. मी, मेहुणा आणि पाच लिटरचा कॅन.

कॅनवर गाडी पन्नास मिनिटं चालली. एकदाही बंद नाही. पेपर कोरडा. पण थरथर होती तशीच, वर स्लोचा स्क्रू मागे घेतल्याने जास्तच.

मग टाकीची लाइन जोडून मध्ये पारदर्शक पाइप टाकला. टाकी पाऊण असताना डिझेल स्वच्छ काचेसारखं. मेहुण्याने ड्रममध्ये डिझेल काढत टाकी अर्ध्याखाली आणली आणि पाइपात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे! तो ओरडलाच. झाकण उघडून पाहिलं, फरक नाही, म्हणजे डोंगरदरींची पिशवी आमच्याकडे नव्हती.

टाकीवरचं नळीचं युनिट काढलं. नळीला मधोमध गंजाची तांबूस रेघ. खालचं टोक बोटाने बंद करून फुंकर मारली तर रेघेतून वारा गालाला लागला. तळाच्या जाळीवर काळा चिकट गाळ, तोही धुतला. टाकी खाली करून पुसली, पाव ग्लास पाणी निघालं. नवी नळी तालुक्यात मिळाली नाही, म्हणून ब्रेझिंग (पितळी झाळ) करून घेतली. दीडशे रुपये. दोन्ही तांब्याचे वायसर नवे टाकले. आता पाव टाकीवरही बुडबुडा नाही.

पंचगंगा_डिझेल
हरलो राव. पण थरथर हाय अजून, म्हणजे माझा पंप अजून मैदानात हाय.

जुना_पाना
काळा चिकट गाळ म्हणजे डिझेलमध्ये पाणी साचून त्यात जंतू वाढलेत. फिल्टरखालच्या बोल्टातून दर आठवड्याला पाणी सोडत जा.

आता थरथर. इंजिन गरम करा, स्लोला ठेवा. पंपाकडून नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) येणाऱ्या चार पाइपांचे नट एकेक करून, हाताला कापड गुंडाळून, १७ च्या पान्याने अर्धा फेरा सैल करा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन आणखी खचेल. ज्याचा सैल करून काहीच फरक पडत नाही, तो आधीच काम करत नाहीये.

मंदगती
आणि हे मोठ्या अक्षरात: ही परीक्षा फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर. कॉमन रेल गाडीचा नट चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. त्या लाइनमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. तेवढ्या दाबाची चिळकांडी कातडी भेदून आत जाते. वरून सुईचं टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट कापायची वेळ येते. जुन्या पंपावरसुद्धा चेहरा लांब, डोळ्यांवर चष्मा.

टोमॅटोवाला
तिसरा! बाकी तिन्ही सैल केले तर गाडी मरायला टेकते, तिसऱ्याला तिला काही पडलेलीच नाही.

जुना_पाना
लगेच नोझल विकत आणू नका. तिसऱ्याचं नोझल पहिल्याला लावा, पहिल्याचं तिसऱ्याला, खाली नवे वायसर टाकून. दोष नोझलबरोबर पहिल्याला गेला तर नोझल. तिसऱ्यालाच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा टॅपेट (व्हॉल्व्हची फट). मग खर्चाची वही रानजाईंकडून मागवा.

रानजाई
वही भाड्याने देत नाही. 🙂

टोमॅटोवाला
उशीर झाला, मध्ये माल चालू होता.

दोष पहिल्याला गेला, म्हणजे नोझलच. नोझलवाल्याने मशीनवर लावून दाखवलं. बाकी तिघं बारीक धुक्यासारखं फवारत होती, हे मात्र लहान मुलाच्या नाकासारखं गळत होतं. चारही साफ करून दाब जुळवून घेतले, त्या एकाची टीप नवी. नळी, वायसर, नोझल, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. पंपाला पाना लागला नाही.

स्लोला अजून थोडी थरथर आहे, पण ती इंजिनच्या फाउंडेशनच्या रबराची. एका बाजूचं फाटलंय, दिसतंय. पुढच्या सुट्टीला. काल पाव टाकीवर माळशेज चढून आलो. मुद्दाम भरली नव्हती. मेहुणा शेजारी हातपंपाकडे जायच्या तयारीत बसला होता, तसाच झोपला.

खडूस_काका
मिस्त्रीला सांगितलंत का?

टोमॅटोवाला
सांगितलं. म्हणाला, "मी तेच म्हणत होतो."

नवा_भिडू
छान धागा. माझी पेट्रोल व्हॅन आहे, गॅस किट लावलेली. गॅसवर बरी चालते, पेट्रोलवर घेतली की सिग्नलला बंद पडते. पंप खोलू का?

जुना_पाना
नवा धागा काढा. आणि त्यात आधी लिहा, टाकीत पेट्रोल किती आहे आणि कधी भरलेलं आहे.